गोळाफेकीतील साहित्याची निवड

गोळाफेक या मैदानी क्रीडाप्रकारातील साहित्य मोजकेच असते : गोळा, बूट, आणि फार तर मनगटपट्टा व कमरपट्टा. गोळ्याचे वजन नियमाने ठरलेले असल्याने त्यात खेळाडूला फारसा वाव नसतो. खुल्या गटात पुरुषांसाठी ते किमान ७.२६० किलोग्रॅम व स्त्रियांसाठी ४ किलोग्रॅम असते. २० वर्षांखालील मुलगे ६ किलोग्रॅमचा, तर १८ वर्षांखालील मुलगे ५ व मुली ३ किलोग्रॅमचा गोळा फेकतात.

निवडीचा खरा प्रश्न व्यासाचा आहे, आणि नवशिक्यांचे दुर्लक्ष नेमके तिथेच होते. नियमानुसार पुरुषांच्या गोळ्याचा व्यास ११० ते १३० मिलिमीटर आणि स्त्रियांच्या गोळ्याचा ९५ ते ११० मिलिमीटर असावा लागतो. गोळा पितळेपेक्षा मऊ नसलेल्या धातूचा भरीव असतो, किंवा अशा धातूच्या कवचात शिसे वा अन्य घन पदार्थ भरलेला असतो. ७.२६० किलोग्रॅमचा भरीव बिडाचा गोळा साधारण १२४ मिलिमीटर, तर भरीव पोलादाचा सुमारे १२१ मिलिमीटर व्यासाचा होतो. म्हणजेच ११० मिलिमीटरचा गोळा हवा असेल, तर आत शिशासारखा जड धातू भरण्यावाचून गत्यंतर नाही. उलट १३० मिलिमीटरच्या गोळ्यात हलके भरण किंवा पोकळी ठेवावी लागते. गोळा तळहातावर नव्हे, तर बोटांच्या मुळाशी पेलायचा असतो. त्यामुळे आखूड बोटांच्या खेळाडूला लहान गोळा आवरता येतो, तर लांब व बळकट बोटांचे अनेक खेळाडू मोठा गोळा पसंत करतात.

पृष्ठभाग नियमाने गुळगुळीत असावा लागतो. लेथवर कातलेला पोलादी गोळा नितळ व सर्व बाजूंनी सारखा असतो. ओतीव गोळा स्वस्त पडतो आणि रोजच्या सरावाला पुरतो, परंतु त्याचा गुरुत्वमध्य कधीकधी केंद्रापासून सरकलेला असतो. समतल फरशीवर हळू घरंगळत सोडलेला गोळा दरवेळी एकाच बाजूवर येऊन थांबत असेल, तर तो घेऊ नये. वापराने गोळा झिजतो, म्हणून स्पर्धेसाठी किमान वजनापेक्षा काही ग्रॅम जास्त असलेला गोळा घेणे शहाणपणाचे ठरते. वजन किंचितही कमी भरल्यास तो तपासणीत बाद होतो. बंदिस्त सभागृहात जमिनीला इजा होऊ नये म्हणून मऊ प्लॅस्टिक किंवा रबराच्या कवचाचे गोळे वापरतात.

फेकीचे वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचे आणि बहुधा काँक्रीटचे असते, त्यामुळे खिळ्यांचे बूट येथे निरुपयोगी ठरतात. सरकत फेकणाऱ्याला जरा पकड देणारा तळ लागतो. गिरकी घेणाऱ्याला मात्र पायाच्या चवड्यावर सहज वळू देणारा गोलसर, गुळगुळीत तळ हवा असतो. बूट किंचितही सैल असल्यास पाय आत सरकतो, म्हणून अनेक बुटांना वरून आवळणारा पट्टा असतो.

हातमोजे घालण्यास मनाई आहे. दोन किंवा अधिक बोटे चिकटपट्टीने एकत्र बांधता येत नाहीत, मात्र मनगटाला आधारपट्टा चालतो. घामट हातांसाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड वापरतात. तीच मानेला, गोळा टेकतो त्या जागी, लावण्याचीही मुभा आहे.