इव्हँगेलियनचे दोन शेवट: सिनेमाने टीव्हीचा शेवट रद्द होत नाही

‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ या २६ भागांच्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे पहिले चोवीस भाग तुम्ही पाहिलेत असं धरून चालतो. शिंजीचा मित्र कावोरू मेलाय, इव्हा हे महाकाय लढाऊ यंत्र चालवणारी आसुका इस्पितळात निपचित पडून आहे, नायक शिंजी पार ढासळलाय. इथून पुढे गप्पांमध्ये एक ठरलेलं वाक्य हटकून येतं: ‘पैसे संपले म्हणून टीव्हीचा शेवट तसला झाला, लोक खवळले, मग खरा शेवट सिनेमात दाखवला.’ ऐकून ऐकून कान किटले.

किरकोळ फरक आधी उरकून घेऊ. टीव्हीवरचे भाग २५ आणि २६ मार्च १९९६ मध्ये लागले. ‘द एंड ऑफ इव्हँगेलियन’ हा ८७ मिनिटांचा सिनेमा १९ जुलै १९९७ ला आला. दोन्हींमागे मालिकेचा दिग्दर्शक हिदेआकी आन्नोच, फक्त सिनेमाचा पूर्वार्ध काझुया त्सुरुमाकीने दिग्दर्शित केला. टीव्हीवर स्थिरचित्रं, कच्ची रेखाटनं आणि प्रश्नांच्या पाट्या. सिनेमात नर्व या इव्हा बाळगणाऱ्या संस्थेवर लष्कराचा हल्ला, आणि नऊ पांढऱ्या इव्हांशी साडेतीन मिनिटांच्या बॅटरीवर लढणारी आसुका. शेवटच्या भागांच्या वेळी वेळापत्रकाचा बोजवारा उडाला होता, हे खरंच आहे. पण म्हणून तो शेवट खोटा ठरत नाही.

गोंधळ होतो तो पुढच्या मुद्द्यावर. दोन्हीकडे घडणारी घटना एकच आहे: ह्यूमन इन्स्ट्रुमेंटॅलिटी. एटी फील्ड म्हणजे प्रत्येकाच्या ‘मी’भोवतीची भिंत. ती पाडली की शरीराचं एलसीएल नावाच्या द्रवात रूपांतर होतं आणि सगळी मनं एकमेकांत मिसळतात. सिनेमा हे बाहेरून दाखवतो: कोणी सुरू केलं, कोण मेलं, पृथ्वीचं काय झालं. टीव्हीचे दोन भाग तेच शिंजीच्या डोक्याच्या आतून दाखवतात. आणि हे ओढूनताणून लावलेलं नाही. २६व्या भागाच्या सुरुवातीची पाटीच सांगते की ही प्रक्रिया सगळ्यांचीच चालू आहे, सगळं मांडायला वेळ पुरणार नाही, म्हणून आता एकट्या शिंजीपुरतं सांगतो. २५व्या भागात तर नर्वमधल्या मिसातो आणि रित्सुको मेलेल्या क्षणभर दिसतात. त्या कशा मेल्या ते कळायला सिनेमापर्यंत थांबावं लागतं. शिंजीचा बाप आणि नर्वचा प्रमुख गेंदो हा रेई या इव्हा चालवणाऱ्या मुलीला घेऊन निघतो तेही टीव्हीवर आहे. ऐन वेळी ती त्याला झिडकारते हे मात्र सिनेमातच.

सिनेमाच्या दोन भागांना २५′ आणि २६′ असे क्रमांक आहेत. त्यावरून कोणी ‘जुने रद्द, नवे लागू’ असा अर्थ काढतात. मी तो मानत नाही. प्रत्येक दुवा तंतोतंत जुळत नाही हे कबूल, पण दोन्ही एकत्र पाहिल्यावर जे हाती लागतं ते एकट्या कुठल्याच शेवटात नाही.

कारण शिंजी दोन्हीकडे ‘मी म्हणून जगायचं’ असंच ठरवतो, पण प्रश्न वेगळे असतात. टीव्हीत प्रश्न स्वतःचा आहे: मी मला आवडू शकतो का? उत्तर ‘कदाचित हो’, आणि सगळे गोल करून टाळ्या वाजवतात. सिनेमात प्रश्न दुसऱ्याचा आहे: माणसं पुन्हा दुखावणार हे माहीत असताना ती हवीत का? तो ‘हो’ म्हणतो आणि त्याची किंमत लगेच समुद्रकिनाऱ्यावर दिसते. तो आसुकाचा गळा दाबतो, ती त्याच्या गालावरून हात फिरवते, आणि तिचं शेवटचं वाक्य किळसेचं असतं. टाळ्यांचा प्रसंग डोक्यात ठेवून हे पाहिलं तरच त्याचा चटका बसतो.

२६व्या भागातला शाळेचा प्रसंग, तोंडात टोस्ट धरून पळणारी रेई वगैरे, हे ‘नवं जग’ नाही. शिंजीच्या मनातली ती केवळ एक शक्यता आहे. आणि सिनेमा हा चाहत्यांवर उगवलेला सूड, हेही पुरे. सिनेमात पडद्यावर झरझर येऊन जाणाऱ्या चाहत्यांच्या पत्रांत शिव्या आहेत, तसं कौतुकही आहे.

आता बघायचं कसं. २१ ते २४ हे भाग वाढीव दृश्यांच्या आवृत्तीत मिळाले तर तेच घ्या. मग २५, २६ आणि लगेच सिनेमा. मार्च १९९७ चा ‘डेथ अँड रीबर्थ’ पाहून ‘सिनेमा पाहिला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यातला ‘डेथ’ म्हणजे मालिकेची उजळणी, आणि ‘रीबर्थ’ म्हणजे २५′ चा सुरुवातीचा तुकडा. सुरुवात दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे शेवटावरून ओळखा: पांढरे इव्हा आकाशात घिरट्या घालत असताना संपलं असेल, तर तुम्ही अर्धवट पाहिलंय. अस्सल सिनेमात श्रेयनामावली मधेच येते, २५′ आणि २६′ च्या सांध्यावर. तिथे बंद करू नका. तिच्यानंतर अख्खा उत्तरार्ध आहे.

हीच कथा नव्याने सांगणारे २००७ ते २०२१ चे ‘रीबिल्ड’चे चार सिनेमे हे पूर्ण वेगळं प्रकरण. हे दोन्ही शेवट पचल्याशिवाय त्यांना हात लावू नका.