हालचाल थांबली की भूक चुकते

बंगालमधील एका तागाच्या गिरणीतील कामगार किती खातात आणि त्यांचे वजन किती भरते, याचा अभ्यास ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केला. अंगमेहनतीची कामे करणारे हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त जेवत, यात नवल नव्हते. परंतु दिवसभर बसून असणारे दुकानदार आणि पर्यवेक्षकही हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्तच जेवत होते आणि त्यांची वजनेही अधिक होती. थोडीफार हालचाल असेल तर भूक शरीराच्या गरजेशी मेळ राखते, ती अगदीच थांबली की हा मेळ सुटतो, असे मेयर यांचे म्हणणे होते. एका गिरणीवरून सर्वांसाठी नियम बांधता येत नाही. तरीही दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे निरीक्षण मनावर घ्यावे, असे मला वाटते.

भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधले. रोजच्या जेवणाची वेळ जवळ आली की त्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे चार वाजता चहाबरोबर फरसाण खायची सवय असलेल्या माणसाच्या पोटात, दुपारचे जेवण भरपेट झालेले असले तरी, चारच्या सुमारास कावळे ओरडू लागतात. अशा वेळी स्वतःला विचारावे, की समोर फरसाणाऐवजी भाजी-भाकरी आली तर ती खावीशी वाटेल का? वाटत असेल तर ती भूक बहुधा खरी असते. (मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र या कसोटीवर विसंबून जेवण लांबवू नये.) पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात, म्हणून भाताची दुसरी वाढ घेण्यापूर्वी ताकाची वाटी सावकाश संपवणे शहाणपणाचे ठरते.

व्यायामाचे म्हणाल, तर रोज दहा हजार पावले चालावीत हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो प्रयोगशाळेतून आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, म्हणजे श्वास वाढावा पण बोलता यावे, इतपत. व्यायाम सलग दहा मिनिटे तरी झाला पाहिजे, ही जुनी अट संघटनेने २०२० साली काढून टाकली. त्यामुळे भाजीची पिशवी घेऊन तीन मजले भराभर चढलेला जिनाही आता त्या हिशेबात धरता येतो.