लिंकन यांची दोन पत्रं: एक भिंतीवरचं, एक जॉर्जला आलेलं

अब्राहम लिंकन यांचं 'हेडमास्तरांस पत्र' मराठी माणसाला सांगावं लागत नाही. वसंत बापटांच्या मराठीतून ते शाळांच्या भिंतींवर आणि शिक्षकदिनाच्या भाषणांत पोहोचलं. पण ते लिंकन यांनी लिहिल्याचा पुरावा नाही. आपल्याकडच्या मजकुरावर ना तारीख, ना मुलाचं नाव, ना गुरुजींचं. रॉय बासलर यांनी संपादित केलेल्या, 1953 साली निघालेल्या लिंकन यांच्या समग्र लेखनाच्या आठ खंडांतही ते नाही. ते भिंतीवरून काढावं असं मी म्हणणार नाही, बापटांची मराठी सुंदरच आहे. खाली लिंकन यांची सही मात्र नको.

शिकणाऱ्या मुलासाठी लिंकन यांनी खरोखर लिहिलेलं एक पत्र आहे. तारीख 22 जुलै 1860. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचे उमेदवार होते. थोरला मुलगा रॉबर्ट याचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत नापास झाल्याचं त्यांना आदल्या दिवशी रॉबर्टच्या पत्रातून कळलं होतं. निवडणुकीच्या धामधुमीतही ते लगेच लिहायला बसले. इतकं दुःख मला आयुष्यात क्वचितच झालं, असं ते आधी सांगतात. मग म्हणतात, निराशेनं तुला ग्रासू दिलं नाहीस, तर यात फारसं काही नाही. हार्वर्डमध्ये तुला प्रवेश मिळू शकतो, पदवीही मिळू शकते. आणि प्रयत्नाला हात घातलाच आहेस, तर यश मिळवलंच पाहिजे. या 'पाहिजे'वर ते मुद्दाम बोट ठेवतात.

नापास होणं दोन्ही पत्रांत आहे. भिंतीवरच्या पत्रात ते तत्त्व म्हणून येतं: फसवून मिळवलेल्या यशापेक्षा सरळ अपयश बरं. ते कुठल्याही मुलाला लागू पडतं, म्हणून तर इतकं पसरलं. खऱ्या पत्रात नापास झालेला एकच पोरगा आहे, आणि लिहिणाऱ्याला त्याची काळजी आहे. घरातही हे नवं नव्हतं. आदल्या वर्षी रॉबर्ट याच परीक्षेत, त्याच्याच सांगण्यानुसार, सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला होता. खुद्द लिंकन यांची सगळी शाळा मिळून एक वर्षही भरत नव्हती.

जॉर्जला ते कबूल करतात की मदत कशी करावी ते मला कळत नाही. प्रौढ वयाच्या, बरंच सोसलेल्या माणसाचा शब्द तेवढा देतो: हरायचं नाही असं पक्कं ठरवलंस, तर तू हरणार नाहीस.