तीन तारा सैल, मग सगळी गिटार बोलते

हवाई बेटांवरच्या गिटारवादनाच्या एका शैलीला ‘की होआलू’ म्हणतात आणि या नावाचा अर्थच ‘खुंटी सैल करणे’ असा आहे. १८३०च्या दशकात, बेटांवर मोकाट वाढलेल्या गुरांना आवरण्यासाठी राजा तिसरा कामेहामेहा याने कॅलिफोर्नियाकडून मेक्सिकन गुराखी बोलावले. त्यांच्याबरोबर गिटार आली, असे सांगितले जाते. पुढे स्थानिक लोकांनी तिच्या तारा आपल्या गाण्याला मानवतील अशा लावून घेतल्या. या जुळण्या बराच काळ घरातल्या घरातच राहिल्या. आपल्याकडच्या घराण्यांच्या चिजांसारख्याच त्या जपल्या गेल्या.

शिकणारा बहुधा ‘टॅरो पॅच’ या जुळणीने, म्हणजे चक्क ‘अळूच्या वाफ्या’ने, सुरुवात करतो. नेहमीच्या गिटारच्या सहाव्या, पाचव्या आणि पहिल्या तारेचा स्वर प्रत्येकी दोन पडद्यांइतका उतरवायचा. बाकीच्या तीन तारांना हात लावायचा नाही, कारण त्यांच्यावरूनच कानाने जुळवता येते: सहावी तार चौथीच्या एक सप्तक खाली, पहिली तिच्या एक सप्तक वर, आणि पाचवी तिसरीच्या एक सप्तक खाली. तिसऱ्या तारेला षड्ज मानले, तर जाड तारेपासून क्रम होतो प, सा, प, सा, ग, प. डाव्या हाताचे एकही बोट न टेकवता सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला, तरी पूर्ण स्वरमेळ वाजतो.

तारेची लांबी आणि जाडी तीच राहिली, तर तिचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे स्वर दोन पडदे उतरवला की ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो. अशी तार जोराने छेडली तर पडद्यावर आपटून खरखरते, म्हणून हात आपोआप हलका होतो. स्वर नेमका हवा असेल, तर तार आधी थोडी जास्त उतरवून मग वर चढवत आणावी, म्हणजे ती टिकते.

खरी गंमत अनुनादात आहे. पाचवी तार आता सेकंदाला ९८ वेळा कंप पावते. तिच्या आवाजात १९६ आणि २९४ कंपनांचे उपस्वरही दडलेले असतात. तिसऱ्या आणि पहिल्या तारेचे स्वर जवळजवळ तेच असल्याने त्या तारा न छेडताही थरथरू लागतात. तिसऱ्या तारेवर कागदाचा चिटोरा ठेवून पाचवी छेडली, तर तो हलताना दिसतो. गंधाराची दुसरी तार मात्र थोडी कुरकुरते. पाचव्या तारेचा पाचवा उपस्वर ४९०वर येतो, तर स्वर दाखवणाऱ्या यंत्राने (ट्यूनरने) लावलेल्या दुसऱ्या तारेचा दुसरा उपस्वर ४९४च्या आसपास. दोन्ही तारा एकत्र वाजवल्या तर आवाज कमी-जास्त होण्याचे सेकंदाला सुमारे चार हेलकावे ऐकू येतात. ही तार किंचित उतरवली तर हेलकावे शमतात, पण पडद्यावर दाबलेले तिचे स्वर थोडे उतरे लागतात. माझ्या मते इथे यंत्रापेक्षा कानाची तडजोड बरी.

याच जुळणीत तिसरी तार आणखी एका पडद्याने उतरवली, म्हणजे शुद्ध निषादावर आणली, की ‘वाहिने’ प्रकारची जुळणी मिळते. निषाद छेडून लगेच पहिल्या पडद्यावर बोट आपटले की तो षड्जावर चढतो. या शैलीची ती ओळखीची लकब आहे.

उजव्या हाताचे गणित मात्र जुळणीने सुटत नाही. अंगठा जाड, खर्जाच्या तारांवर अदलाबदलीने संथ ठेका धरतो आणि तो न मोडता बाकीची बोटे बारीक तारांवर धून वाजवतात. म्हणून धून बाजूला ठेवून आधी फक्त अंगठ्याचा सराव करावा: पाचवी, चौथी, पाचवी, चौथी, बोलता बोलताही ठेका चुकेनासा होईपर्यंत.