कोकणातून ठळक तारे आणि ग्रह कसे ओळखायचे

रात्रीच्या आकाशात जे तारे चटकन नजरेत भरतात ते, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे पाच ग्रह नावानिशी सांगता येणं म्हणजे आकाशओळख. ही नोंद ती कोकण किनाऱ्यावरून कशी जमवायची याबद्दल आहे. पहिल्या प्रतीचे म्हणून एकूण २१ तारे धरतात (प्रत म्हणजे तेजस्वीपणाचा आकडा, जेवढा लहान तेवढा तारा जास्त तेजस्वी, आणि फारच तेजस्वी असला तर आकडा उणे होतो) आणि हे २१ च्या २१ कोकणातून दिसतात, हे बऱ्याच कोकणवाल्यांनाच माहीत नसतं. दिल्लीत त्रिशंकूचा (दक्षिणेकडचा चार ताऱ्यांचा समूह) सगळ्यात ठळक तारा क्षितिजाच्या वर येतच नाही. आपलं अलिबाग साडेअठरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, रत्नागिरी सतरा, मालवण सोळा, त्यामुळे इथून उत्तरेचा ध्रुवही दिसतो आणि पार दक्षिणेचे मित्र, मित्रक, अग्रनद हे तारेही.

नक्षत्रांची वाट

भात लावणाऱ्या घरात रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती ही यादी कोणी न शिकवताही पाठ असते. लोकांना ती पावसाची यादी वाटते, पण खरं तर ती सूर्य-चंद्र-ग्रहांच्या वाटेवरची, कोकण रेल्वेच्या स्टेशनांसारखी ओळीने लागणारी ठिकाणं आहेत, आणि ज्याला ही यादी येते त्याचं ग्रह ओळखायचं अर्धं काम झालेलंच असतं.

फक्त एक भानगड आहे. ७-८ जूनला मृग लागतं म्हणजे सूर्य त्या भागात जातो, म्हणजेच त्या दिवसांत मृगाचे तारे दिवसा डोक्यावर असतात आणि रात्री दिसत नाहीत. आपण ज्या नक्षत्राच्या नावाने पेरणी करतो ते नक्षत्र त्या वेळी आकाशात दिसतच नाही. मृग बघायचं तर डिसेंबर ते मार्च, अंगावर चादर घेऊन.

महिन्यांची नावंही याच यादीतली. कार्तिक पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, मार्गशीर्ष पौर्णिमेचा म्हणजे दत्तजयंतीचा मृगाजवळ, माघी पौर्णिमेचा मघाजवळ, हनुमान जयंतीचा चित्राजवळ. अधिक महिन्यामुळे थोडं मागेपुढे होतं, पण त्रिपुरारीला देवळातली दीपमाळ पेटलेली असताना वर बघितलं तर चंद्राशेजारचा तो तारकांचा पुंजका ओळखायला पुस्तक लागत नाही (चंद्राच्या उजेडात तो फिका दिसेल, तळहाताने चंद्र झाकायचा). चित्रा, मघा, रोहिणी ठळक आहेत, त्या पौर्णिमेलाही टिकतात.

आता मुख्य युक्ती. या वाटेवर किंवा वाटेला लागून ठळक तारे मोजकेच आहेत: रोहिणी, पुनर्वसु, मघा, चित्रा, ज्येष्ठा. हे पाच पक्के झाले की वाटेवर सहावा कोणी ठळक दिसला तर तो ग्रहच, दुसरं काही असूच शकत नाही. आणि वाटेपासून लांब कितीही चमचमणारं काही दिसलं, व्याध, अभिजित, ब्रह्महृदय, तर तो ग्रह नाही. स्वातीचं नाव यादीत आहे पण तारा वाटेपासून ३० अंशांहून जास्त उत्तरेला आहे, तेव्हा स्वातीच्या शेजारी ग्रह शोधत बसू नये.

"तारा लुकलुकतो, ग्रह लुकलुकत नाही" हे सगळे सांगतात आणि ते बरोबरही आहे. तारा इतका लांब की तो नुसता ठिपका असतो, हवेच्या हालचालीने त्याचा प्रकाश हलतो, ग्रहाला छोटीशी का होईना तबकडी असते म्हणून तो स्थिर दिसतो. पण समुद्रकिनारी हा नियम क्षितिजाजवळ फसतो, तिथे दमट हवेचा जाड थर मध्ये येतो आणि गुरूसुद्धा थरथरतो. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला डोंगरावर आलेला व्याध लाल-हिरवा-निळा असा रंग बदलत असतो, आणि दरवर्षी कोणीतरी त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकतं की हे काय आहे. तासाभराने वर चढला की तोच निमूटपणे पांढरा दिसतो.

ग्रह एकेक करून

शुक्राला ओळखायची गरजच पडत नाही. प्रत उणे ४ च्याही पलीकडे जाते, सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब तो कधी जात नाही, म्हणून मध्यरात्री शुक्र दिसला असं कोणी म्हणालं तर ते दुसरंच काहीतरी. कोकणात पश्चिमेला समुद्र, त्यामुळे संध्याकाळचा शुक्र मावळेपर्यंत बघता येतो आणि खाडीचं पाणी शांत असेल तर त्याचा उजेड पाण्यावर लांब पट्टीसारखा पडलेला दिसतो, हे शहरात नाही दिसायचं. शुक्राची फेरी आठ वर्षांनी जवळजवळ त्याच तारखांना येते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्च-एप्रिलला संध्याकाळी पश्चिमेला जो झगझगीत शुक्र सगळ्यांनी अंगणातून बघितला तो २०२८ च्या मार्च-एप्रिलात तसाच परत येणार.

बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, अर्धा-पाऊण तास मिळतो फार तर. मोकळं क्षितिज म्हणजे इथे खरा फायदा, पण फेब्रुवारीनंतर समुद्रावर संध्याकाळी जो धुरकटपणा असतो तो बुधाला गिळतो. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, सूर्य बुडाला त्या जागेच्या एक वीत वरपर्यंतच शोधायचं. नाही दिसला तर दुसऱ्या दिवशी.

गुरू शुक्राच्या खालोखाल तेजस्वी, उणे १.७ ते उणे २.९ च्या मध्ये, पिवळसर पांढरा, आणि तो रात्रभरही दिसू शकतो. साधारण बारा वर्षांत एक चक्कर, म्हणजे एका राशीत वर्षभर, आणि हे आपल्याकडे जत्रांच्या हिशोबात बसलेलंच आहे: गुरू सिंहेत की नाशिकला सिंहस्थ, कन्येत की नृसिंहवाडीला कन्यागत. शनीचंही तसंच, एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींची मिळून साडेसाती. साडेसातीला घाबरणाऱ्या किती जणांनी शनी डोळ्यांनी बघितलाय हा एक प्रश्नच आहे, बिचारा मंद पिवळट, शांत, पहिल्या प्रतीच्या आसपासचा ठिपका आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरातलं किंवा पंचांगातलं राशींचं कोष्टक इथे कामाला येतं, कारण आपलं पंचांग निरयन (राशी ताऱ्यांवरून मोजणारं) असल्याने त्यातली रास आणि आकाशातले तारे बरेचसे जुळतात. इंग्रजी पेपरातलं राशीभविष्य सुमारे २४ अंशांनी सरकलेलं असतं, ते आकाशाशी लावून बघू नये.

मंगळ लहरी आहे. साधारण २६ महिन्यांनी पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा ठळक तांबडा, एरवी दुसऱ्या प्रतीपर्यंत उतरतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्येष्ठा आणि रोहिणी दोघीही तांबूस, त्यामुळे मंगळ त्यांच्याजवळ आला की हमखास गोंधळ होतो, तेव्हा आठवडाभराने परत बघायचं, जो सरकला तो मंगळ. २०२७ च्या फेब्रुवारीत मंगळ मघाच्या जवळ येतोय आणि गुरूही तिथून फार लांब नाही, तांबडा मंगळ, निळसर पांढरी मघा आणि पिवळसर गुरू एकाच नजरेत बघायला मिळतील.

कुठल्या महिन्यात काय

जानेवारी-फेब्रुवारी हे सुरुवात करायला सगळ्यात बरे महिने. मृगाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाची रेघ आग्नेयेकडे वाढवली की व्याध (उणे १.४६, सगळ्या ताऱ्यांत तेजस्वी, ८.६ प्रकाशवर्षं), उलट बाजूला वाढवली की रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिका. मृगाच्या चार पायांतला तांबडा तारा म्हणजे काक्षी, आपली पावसाची आर्द्रा. हा तारा २०१९ च्या शेवटी इतका मंदावला की आता फुटतो की काय अशा बातम्या आल्या, नंतर कळलं की त्यानेच बाहेर टाकलेली धूळ मध्ये आली होती. मृगाचाच विषय निघालाय तर, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १८९३ साली वेदांचा काळ ठरवायला हेच नक्षत्र धरलं होतं, आणि भारतीय ज्योतिषाचा मोठा इतिहास मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) हे दापोलीजवळच्या मुरुडचे.

व्याधापासून खाली, किंचित उजवीकडे, दक्षिण क्षितिजापासून दोन मुठी वर अगस्त्य. (हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, पसरलेली वीत २०.) फेब्रुवारीच्या मध्यात नऊ-साडेनऊला तो बरोबर दक्षिणेला असतो. तेजात दुसरा नंबर, पण खाली असल्याने दमट हवेत अर्धाअधिक उजेड जातो आणि तो व्याधापुढे अगदीच साधा वाटतो. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचा तारा किनाऱ्यावरून असा पाण्यावर टेकलेला दिसतो खरा, पण पाण्यात बुडताना काही दिसत नाही, क्षितिजाच्या तीन-चार अंश वरच धुरकटात विरून जातो. कुठलाच तारा कोकणात पाण्याला टेकेपर्यंत टिकत नाही, एक शुक्र सोडला तर.

मे महिन्यात चाकरमानी गावाला येतात, खळ्यात झोपतात, आणि तेव्हा वर सप्तर्षी असतात, काही गावांत त्यांना म्हातारीची बाज आणि मागे लागलेले तीन चोर म्हणतात. पुढच्या दोन ताऱ्यांची, क्रतू आणि पुलहाची, रेघ उत्तरेला नेली की ध्रुव. ध्रुव ठळक असेल अशी अपेक्षा ठेवू नये, दुसऱ्या प्रतीचा आहे आणि जेमतेम १६ ते १९ अंश वर, मागे डोंगर किंवा माड असला की संपलं. मागच्या तीन ताऱ्यांची कमान पुढे वळवत नेली की नारिंगी स्वाती, आणखी पुढे पांढरी चित्रा, चित्राच्या बाजूला हस्ताचा चौकोन.

त्रिशंकू बघायची वेळ हीच. मेच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहाच्या सुमारास हस्ताच्या सरळ खाली, क्षितिजाला धरून, चार ताऱ्यांचा छोटा उभा पतंग. रत्नागिरीहून खालचा तारा फक्त १० अंशांवर येतो, मालवणहून अकरा. डावीकडे मित्रक आणि त्याच्या मागून मित्र, हे दोघं त्रिशंकूकडे बोट दाखवतात, आणि यातला मित्र म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्यांत सूर्यानंतरचा आपला सगळ्यात जवळचा शेजारी, ४.३७ प्रकाशवर्षं. किनारा सरळ उत्तर-दक्षिण नाही, खाली जाताना थोडा पूर्वेकडे वळतो, त्यामुळे समुद्रात घुसलेल्या एखाद्या टोकावर किंवा किल्ल्याच्या बुरुजावर उभं राहिलं तर ऐन दक्षिणेलाही पाणीच मिळतं. वाडीतून त्रिशंकू दिसणं मुश्किल.

जून ते सप्टेंबर सुट्टी. उघडीप मिळाली तर दक्षिणेला विंचू आणि त्यातली तांबडी ज्येष्ठा, बाकी ढग. ऑक्टोबरात धुतलेलं आकाश मिळतं, अभिजित, श्रवण आणि हंसाचा ठळक तारा यांचा मोठा त्रिकोण पश्चिमेला, दक्षिणेला मीनास्य एकटाच. सप्तर्षी संध्याकाळी क्षितिजाखाली असतात, तेव्हा ध्रुवासाठी शर्मिष्ठा हा तारकासमूह शोधायचा.

जागा, चंद्र आणि फसवे दिवे

माडा-पोफळीच्या वाडीत आकाशाचा तुकडाच दिसतो. खरी जागा सडा, कातळावर चहूबाजूंनी मोकळं. पण कातळावर फुरसं (विषारी साप) असतं आणि ते जास्त करून रात्री फिरतं, तेव्हा पायात बूट आणि टॉर्च पाहिजेच, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावला की डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही, ती यायला वीसेक मिनिटं लागतात. मोबाईल ॲप चांगली आहेत पण त्यात बघत बसलं की तीच सवय मोडते, आणि मॅग्नेटवालं कव्हर असेल तर होकायंत्र भलतीकडे दाखवतं.

भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात तसाच हिशोब चंद्रालाही लागतो: शुक्ल पक्षात तिथी गुणिले ४८ मिनिटं, साधारण तेवढ्या वेळाने सूर्यास्तानंतर चंद्र मावळतो. पंचमीला चार तास. ठळक तारे शिकताना मात्र पूर्ण अंधार हवाच असं नाही, उलट सड्यावरच्या अवसेच्या आकाशात इतके तारे असतात की नवख्याला मृगसुद्धा सापडत नाही, सप्तमी-अष्टमीचा चंद्र असलेला बरा.

समुद्रावर अगदी क्षितिजाला स्थिर पांढरा भगभगीत दिवा दिसला तर आधी बोट समजावी, बंदी असूनही एलईडी लावून मासेमारी चालते आणि तो उजेड लांबून ग्रहासारखाच दिसतो. ठरावीक सेकंदांनी येणारा झोत दीपगृहाचा. न लुकलुकता सरकत जाणारा ठिपका मध्येच विझला तर उपग्रह, रांगेने पंधरा-वीस जात असतील तर स्टारलिंक.

एवढं जमल्यावर पुढे बायनॉक्युलर घ्यायची असेल तर १०×५० पुरते, भिंतीला किंवा काठीला टेकवून धरली तर गुरूचे चार चंद्र दिसतात. शनीची कडी मात्र तिच्यात दिसत नाही, त्याला २५-३० पट मोठं दाखवणारी दुर्बीण लागते. आणि कोकणात असली वस्तू पावसाळ्यात कपाटात नुसती ठेवली तर भिंगाला बुरशी येणारच, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायची आणि पुड्या ओल्या झाल्या की बदलायच्या.