ऑर्येन: पाऊस पिणारा डोंगर

मिरग बरसला तरी डिचोलीतल्या आमच्या घरामागची झर लगेच वाढत नाही. आधी सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, पोटभर पितो, मग झर जोर धरते आणि पाऊस सरल्यावरही कितीतरी दिवस वाहत राहते. जांभ्याची ही चाल गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच युरोपातल्या मोंटेनेग्रो देशातल्या ऑर्येन पर्वताबद्दल इथे सांगावंसं वाटतं.

ऑर्येन एड्रियाटिक समुद्राला लागून आहे, उंची १८९४ मीटर. समुद्रावरचे ओले वारे सह्याद्रीला अडतात तसे त्यालाही अडतात. फक्त तिथला मोठा पाऊस हिवाळी. त्याच्या अंगावरच्या त्सर्क्वित्से गावात वर्षाला सरासरी ४६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या किनाऱ्यावरच्या जवळजवळ दीडपट. तरीही डोंगरावर बारमाही नदी-ओढा नाही. पावसाचं पाणी दगडी टाक्यांत साठवायचं, हाच तिथला जुना रिवाज.

कारण ऑर्येन चुनखडीचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात शिंपल्यांचा, बारीक जीवांच्या कवचांचा थर साचून हा खडक झाला. परवा जेवणातल्या खुब्याची एक शिंपी मी माडाच्या व्हिनेगरमध्ये टाकली. कडेला सुईच्या टोकाएवढे बुडबुडे धरले, सुटून वर आले, पुन्हा धरले. सकाळी बघतो तर शिंपीची चकाकी गेलेली, पाठीवरच्या रेघा बोथट झालेल्या. पावसाचं पाणी हवेतला, आणि त्याहून जास्त मातीतला, कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं. मग हेच काम ते हजारो वर्षं करत राहतं. भेगा रुंदावतात, भेगांच्या नळ्या होतात, नळ्यांच्या गुहा.

जांभ्याचं उलट. आपल्या पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे ठेवलं. त्याचाच सडा झाला. चुनखडीत खडकच विरघळून जातो. मागे उरतो तो त्यातला चिमूटभर गाळ, आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की लोहामुळे तोही लालच! खोलगट विवरांच्या तळाशी ही लाल माती साचते. त्या उघड्या पांढऱ्या डोंगरावर शेती होते ती अशाच खळग्यांत.

जांभा पाणी झिरपवत सोडतो, चुनखडी एकदम ओतते. पायथ्याला रिसान गावाजवळ सोपोत नावाची गुहा आहे. उन्हाळ्यात ती कोरडी असते. वर धो धो पाऊस झाला की तिच्या तोंडातून धबधबा फुटतो आणि कोतोरच्या खाडीत कोसळतो. काही पाणी तर खाडीच्या तळातूनच वर येतं, खाऱ्या पाण्यात गोडी झर.