यादवी युद्धातला कायदा आणि दुबईतला फ्रीलान्सर

३ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त अरब अमिरातीत प्रवेश आणि निवासाचे नवे नियम लागू झाले. त्यांतल्या पाच वर्षांच्या ‘ग्रीन व्हिसा’चं मोल आखातात राहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. तिथल्या बहुतेक परदेशी माणसांचा व्हिसा आजवर कुठल्या तरी कंपनीच्या किंवा कफिलाच्या, म्हणजे हमी घेणाऱ्या स्पॉन्सरच्या, नावाला बांधलेला असे. नोकरी सुटली की थोड्या दिवसांत देश सोडायची तयारी करावी लागे. ग्रीन व्हिसावर माणूस स्वतःच स्वतःचा स्पॉन्सर होतो. फ्रीलान्सरसाठी अटी तीन : मनुष्यबळ खात्याचं फ्रीलान्स परमिट, पदवी किंवा विशेष पदविका आणि आधीच्या दोन वर्षांत स्वतंत्र व्यवसायातून वर्षाला ३,६०,००० दिरहम उत्पन्न. त्याच्या बरोबरीने २०१९पासून सुरू असलेला, आता दहा वर्षांचा झालेला ‘गोल्डन व्हिसा’ आहेच.

अमिरातीत व्यक्तीच्या पगारावर प्राप्तिकर नाही. त्यामुळे हा व्हिसा हाती आला की करांचा प्रश्न मिटला, अशी अनेकांची समजूत होते. भारतीय पासपोर्ट असेल तर तिच्यात बरंच तथ्यही आहे, कारण भारताचा प्राप्तिकर मुख्यतः माणूस कुठे राहतो त्यावर ठरतो. अमेरिकी पासपोर्टवर मात्र ती समजूत महागात पडते. अमेरिका आपल्या नागरिकाच्या जगभरातल्या उत्पन्नावर कर लावते, मग तो कुठेही राहो. नागरिकत्वाच्या आधारे असा कर लावणारा दुसरा ठळक देश म्हणजे इरिट्रिया.

याचं मूळ अमेरिकेच्या यादवी युद्धात सापडतं. ऑगस्ट १८६१मध्ये युद्धाच्या खर्चासाठी तिथला पहिला प्राप्तिकर मंजूर झाला : ८०० डॉलरांपुढच्या उत्पन्नावर ३ टक्के. परदेशात राहणाऱ्या नागरिकांना मात्र त्यांच्या अमेरिकेतल्या मालमत्तेच्या उत्पन्नावर ५ टक्के दर होता. देश पेटलेला असताना युरोपात बसून इथल्या मालमत्तेवर जगणाऱ्यांबद्दलची चीड त्या जादा दरात दिसते. १८६४च्या कायद्याने आणखी पुढे जाऊन परदेशस्थ नागरिकाचं कुठूनही आलेलं उत्पन्न करपात्र केलं. युद्ध संपलं, १८७२मध्ये प्राप्तिकरही संपला. १८९४मध्ये तो परत आला तेव्हा नागरिक ‘देशात राहो वा परदेशात’ ही कलमातली भाषाही सोबत आली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो कर रद्द केला. १९१३मध्ये १६व्या घटनादुरुस्तीनंतर प्राप्तिकर कायमचा आला आणि तीच भाषा नव्या कायद्यात जाऊन बसली. युद्धकाळातला राग नियम होऊन राहिला, असं मला हा क्रम वाचताना वाटतं.

नियमाला न्यायालयाची मोहर १९२४मध्ये मिळाली. मेक्सिको सिटीत कायमचा राहणारा, मेक्सिकोतल्याच मालमत्तेवर कमावणारा कुक नावाचा अमेरिकी नागरिक. त्याच्याकडे १,१९३ डॉलर ३८ सेंट कर मागितला गेला. पहिला हप्ता भरून त्याने वसुली अधिकारी टेट यांच्यावर दावा लावला. न्यायालयाचं म्हणणं पडलं की, सरकार नागरिकाला आणि त्याच्या मालमत्तेला, ती कुठेही असली तरी, लाभ देतं. म्हणून कराचा अधिकार नागरिकत्वातूनच येतो. शंभर वर्षांनंतरही परदेशस्थ अमेरिकी माणसाच्या कराचा पाया हाच निकाल आहे.

निकालानंतर दोनच वर्षांनी, १९२६मध्ये, अमेरिकी संसदेने म्हणजे काँग्रेसने परदेशात कमावलेलं उत्पन्न वगळण्याची सवलत दिली. अमेरिकी व्यापार परदेशात वाढावा, हा हेतू. पुढच्या साठ वर्षांत ती सवलत भरती-ओहोटीसारखी हलली. १९५३मध्ये काहींसाठी २०,००० डॉलरांची मर्यादा आली, १९६२मध्ये इतरांनाही मर्यादा लागली आणि १९७६च्या कायद्याने ती १५,०००वर आणली. तो काळ आखातातल्या तेलाच्या पैशातून रस्ते, बंदरं, कारखाने उभे राहण्याचा होता. अमेरिकी माणूस ठेवायचा तर त्याचा वाढलेला करही आपल्यालाच सोसावा लागतो, अशी तिथल्या अमेरिकी बांधकाम कंपन्यांची तक्रार वॉशिंग्टनपर्यंत गेली. अखेर १९८१मध्ये मर्यादा ७५,००० डॉलर झाली आणि सलग १२ महिन्यांत ३३० दिवस परदेशात ही आजची कसोटी आली. हल्ली मर्यादा महागाईनुसार वाढते. २०२५ या करवर्षासाठी ती १,३०,००० डॉलर आहे.

या सवलतीची रचना नोकरदार माणूस डोळ्यांपुढे ठेवून झाली, आणि स्वतःच्या व्हिसावर राहणारा अडतो तो इथेच. दोन अमेरिकी नागरिक घेऊ. दोघेही दुबईत वर्षाला ८०,००० डॉलर कमावतात. पहिला स्थानिक कंपनीत नोकरीला. त्याचा पगार मर्यादेत बसतो म्हणून प्राप्तिकर शून्य. कंपनी अमेरिकी नाही, म्हणून अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेची, कपातही नाही. दुसऱ्याने नोकरी सोडून ग्रीन व्हिसा घेतला. त्याचाही प्राप्तिकर शून्यच होतो, पण स्वयंरोजगार कर, म्हणजे स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने भरायची हीच सामाजिक सुरक्षेची वर्गणी, या सवलतीत येत नाही. त्याचा दर १५.३ टक्के. निव्वळ नफ्याच्या ९२.३५ टक्क्यांवर तो मोजला की बिल साधारण ११,३०० डॉलरांचं होतं. शहर तेच, कमाई तीच, फक्त कफील गेला.

दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार असता तर यातून सुटका मिळाली असती. अमेरिकेचे असे करार सुमारे ३० देशांशी आहेत. अमिराती त्यांत नाही, भारतही नाही. अमेरिका आणि अमिराती यांच्यात प्राप्तिकराचा द्विपक्षीय करारही नाही. परदेशात भरलेल्या कराची वजावट अमेरिकी कायद्यात १९१८पासून आहे, पण जिथे प्राप्तिकरच नाही तिथे वजा काय करणार? भरलेली रक्कम वाया जाते असं मात्र नाही. ती पुढे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरली जाते. ज्याला अमेरिकेत परतायचं आहे त्याच्यासाठी हा खर्च निम्मा तरी सार्थ आहे, असं मी मानतो.

बरेच जण मग फ्री झोनमध्ये, म्हणजे परदेशी माणसाला पूर्ण मालकी देणाऱ्या खास व्यापारी क्षेत्रात, कंपनी काढून तिच्याकडून पगार घेतात. स्वयंरोजगार कर टळतो, पण माणूस परदेशी कंपनीचा मालक ठरतो. मग दरवर्षी त्या कंपनीची माहिती देणारा फॉर्म ५४७१ भरावा लागतो आणि तो चुकला तर दंड १०,००० डॉलरांपासून सुरू होतो. २०१७च्या करसुधारणेने अशा कंपन्यांच्या साठलेल्या नफ्यावर एकवेळचा कर बसवला. रोख होता परदेशात पैसा ठेवणाऱ्या बलाढ्य कंपन्यांवर, पण परदेशात छोटा धंदा करणारे नागरिकही त्यात सापडले. त्या कराला आव्हान मिळालं ते एका भारतीय कंपनीच्या निमित्ताने. शेतकऱ्यांना अवजारं पुरवणाऱ्या बंगळुरूच्या किसानक्राफ्टमध्ये मूर या अमेरिकी दांपत्याचा सुमारे १३ टक्के हिस्सा होता. जून २०२४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी कर कायम ठेवला.

गोल्डन व्हिसावाल्यांची अडचण दिवसांच्या मोजणीतली. सहा महिन्यांहून जास्त अमिरातीबाहेर राहिलं तरी हा व्हिसा रद्द होत नाही. म्हणून आईवडिलांच्या आजारपणासाठी कुणी दोन महिने अमेरिकेत राहतं आणि व्हिसा शाबूत असूनही ३३० दिवसांची कसोटी हुकते. पूर्ण करवर्ष परदेशात खरंखुरं वास्तव्य असल्याचं दाखवण्याचा दुसरा मार्ग उरतो. त्यासाठी घर, कुटुंब, मुक्कामाचा हेतू असं सगळं पाहिलं जातं. व्हिसा हा त्यातला एक पुरावा, एवढंच.

खात्यांच्या माहितीचा इतिहास वेगळा आहे. १९७०च्या कायद्यातून परदेशी बँक खात्यांचा अहवाल आला. वर्षात कधीही सर्व खात्यांची बेरीज १०,००० डॉलरांपुढे गेली तर तो द्यावा लागतो. हा आकडा अनेक दशकांत बदललेला नाही. अमेरिकी ग्राहकांना कर चुकवायला मदत केल्याच्या प्रकरणात २००९मध्ये स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेने अमेरिकेला ७८ कोटी डॉलर दिले आणि मार्च २०१०मध्ये ‘फॅटका’ कायदा झाला. परदेशी बँकांनीच आपल्या अमेरिकी खातेदारांची माहिती द्यायची, असा त्याचा गाभा. अमिरातीने जून २०१५मध्ये त्यासाठी करार केला, भारताने जुलैमध्ये. म्युच्युअल फंडाचा अर्ज भरताना ‘फॅटका घोषणा’ या चौकटीवर आपण सही करतो, ती इथूनच आली.

अमेरिकी नागरिकत्व घेऊन दुबईत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी याच चौकटीपाशी थांबायला हवं. पुण्यातल्या बँकेतली मुदत ठेव त्या १०,०००च्या बेरजेत येते. भारतातला म्युच्युअल फंड १९८६च्या एका कलमाखाली निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी ठरतो आणि त्याच्या नफ्यावर फार कडक दर लागू शकतो. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण दर महिन्याची एसआयपी कुणाला धोक्याची वाटत नाही.

फेब्रुवारी २०२३मध्ये थोडा दिलासा मिळाला. खात्यांचा अहवाल नकळत चुकला तर दंड प्रत्येक खात्यामागे नव्हे, प्रत्येक अहवालामागे मोजायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. बिट्नर नावाच्या त्या नागरिकाचा दंड २७ लाख २० हजार डॉलरांवरून ५०,०००वर आला. डिसेंबर २०२४मध्ये इलिनॉयचे प्रतिनिधी डॅरिन लाहूड यांनी निवासावर आधारित कराचं विधेयक मांडलं. जुलै २०२५च्या मोठ्या करकायद्यात ती तरतूद आली नाही. दुबईतल्या फ्रीलान्सरला विवरणपत्रासाठी १५ जूनपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळते. कर मात्र १५ एप्रिलपर्यंत भरला नाही तर त्या दिवसापासून व्याज लागतं.